हिशेब कोणापुढे वाचावा?

पाळकीय मंडळावर निवड झाली की आम्हा वसईकरांची मान ताठ होते. अर्थसमितीची पायरी मात्र सहसा कोणी आपणहून चढत नाही. वस्तुतः १९८३ च्या धर्मविधिसंहितेने पाळकीय मंडळाला केवळ सल्ल्याचा अधिकार दिला आहे. अर्थसमिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे, असे कलम ५३७ बजावते. भाविकांच्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, हे कलम १२८७ चे सांगणे. आणि ज्या हेतूने दान आले त्याच हेतूसाठी ते खर्चावे, हे १२६७ चे.

हे शेवटचे कलम जव्हार-मोखाड्यात जिवंत होते. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत स्थापन झाला आणि हे डोंगरी तालुके त्यात आले. आमच्या दानपेटीतील पैसा भुकेल्या लेकराच्या नावाने घाट चढतो. मग त्याचा हिशेब त्या लेकराच्या आईला का कळू नये?

अडचण आहे ती ऋतूची. भात, नागली, वरई घरात आली की दिवाळीनंतर पाडे ओस पडतात; माणसे वीटभट्ट्यांवर जातात. आपले आर्थिक वर्ष संपते मार्चअखेर, म्हणजे ऐकणारेच गावी नसताना! आमच्या मते हिशेबाचे वाचन पावसाळ्यात, आवणी उरकल्यावर व्हावे. वारली बोलीत, मोठ्याने. समितीत पाड्यावरची एखादी स्त्री असावी. तिने विहिरीच्या पैशांविषयी विचारले, तर उत्तर एकट्या धर्मगुरूंनी नव्हे, समितीने द्यावे. धर्मगुरूंची बदली होते. वही गावातच राहते.