माहूरचा एक मुक्काम

यात्रेला जाणे आणि यात्रेच्या गावी राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वयाची पासष्टी उलटल्यावर कळले. तेही कळले ते एका दूरच्या गावाच्या निमित्ताने. माझा एक भाचा नोकरीमुळे काही वर्षे युरोपात आहे. मागे तो इटलीतील असिसी या डोंगरउतारावर वसलेल्या जुन्या गावी जाऊन आला. संत फ्रान्सिसचे हे जन्मगाव. त्याची समाधीही तेथेच. दिवसभर यात्रेकरूंच्या बसगाड्या येतात, दर्शन घेतात आणि संध्याकाळी उतरून जातात. भाच्याने तेथील एका साध्याशा हॉटेलात खोली घेतली होती. फोनवर तो म्हणाला, "मामा, शेवटची बस गेली, आणि मग गाव दिसायला लागलं."

त्याचे हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. आमचे कुलदैवत माहूरची रेणुका. लहानपणापासून मी किती वेळा माहूरला गेलो, याचा हिशेब माझ्यापाशी नाही. पण शेवटची बस गेल्यावरचे माहूर मी पाहिले आहे काय, असे स्वतःस विचारले तेव्हा उत्तर देता येईना. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तरी नाही.

आपल्या मुधोळ-भैंसा पट्ट्यातील अनेक मराठी घरांची कथा याहून निराळी नसावी. आजोबांच्या वेळी माहूर म्हणजे बैलगाडीचा प्रवास. भैंसा, भोकर, हिमायतनगर, किनवट असे टप्पे घेत, वाटेत कोणाच्या ओसरीवर, कोठे मारुतीच्या देवळात रात्र काढत गाडी जाई. माहूरला पोचल्यावर उपाध्यायांच्या घरी तीन रात्री राहावयाचे, हा कुळाचार. पहिल्या दिवशी रेणुकेची ओटी, दुसऱ्या दिवशी दत्तशिखर आणि अनसूया, तिसऱ्या दिवशी मातृतीर्थावर स्नान व पितरांचे स्मरण. पुढे एस.टी. आली तेव्हा तीन रात्रींची एक झाली. जीपगाड्या आल्या आणि तीही गेली. पहाटे चारला निघावे, दुपारी दर्शन घ्यावे आणि रात्री अकराला घरच्या अंथरुणावर पाठ टेकावी, ही आमची यात्रा.

आईला हे कधीच पटले नाही. माहूरविषयी दत्तसंप्रदायात एक सुंदर श्रद्धा आहे. दत्तात्रेय नित्य काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निद्रेसाठी माहूरला येतात. आई म्हणायची, "देव इथं झोपायला येतो आणि आपण इथून पळायला बघतो. मुक्काम केल्याशिवाय यात्रा लागत नाही रे."

तिची शेवटची वारी २०११ सालची. पायऱ्या चढणे तिला जमत नव्हते. डोलीने वर नेले. परतताना गाडीत बसवू लागलो तेव्हा तिच्या पिशवीत एक गोधडी दिसली. जुन्या इरकली लुगड्यांची, तिनेच शिवलेली. "ही कशाला आणली?" असे मी विचारले. ती म्हणाली, "म्हटलं, राहिलोच तर." दुसऱ्या दिवशी मला शाळेत तपासणी होती. शिवाय बसस्थानकाजवळची लॉजे पाहून, येथे म्हाताऱ्या माणसाला कोठे ठेवावयाचे, असेही मनात आले होते. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी दोन रात्री राहू." आईने मान हलविली. गोधडी घडी न मोडता परत आली. पुढच्या चैत्रात आई गेली.

भाच्याच्या फोननंतर आलेल्या मार्गशीर्षात आम्ही तिघे निघालो. मी, पत्नी आणि आठवीत शिकणारा नातू. गाडी मुद्दाम केली नाही, बसनेच गेलो. सामानात ती गोधडी घेतली. पत्नीने ती पाहिली, पण काही विचारले नाही.

दिवस कलता कलता माहूरला उतरलो. पैनगंगेने वळसा घातलेला हा डोंगराळ मुलूख. सागाचे रान, मध्ये गाव, एका टेकडीवर रेणुका, पलीकडे रामगडाचा जुना तट, दूर दत्तशिखर. बसस्थानकापासून थोड्या अंतरावर एका दुमजली लॉजमध्ये खोली मिळाली. चुन्याने रंगविलेल्या भिंती, दोन लोखंडी खाटा, एक प्लास्टिकची खुर्ची, खुंटीवर देवीचे कॅलेंडर आणि बादलीला तारेने बांधलेला मग. खिडकीची एक काच फुटली होती, तेथे पुठ्ठा लावलेला होता. पण उरलेल्या काचेतून समोरची टेकडी दिसत होती. २०११ साली आईला जिथे ठेवू नये असे मला वाटले होते, ती जागा काही वाईट नव्हती. चादरी धुतलेल्या होत्या आणि माठात पाणी ताजे होते.

खाली व्यवस्थापकाने नोंदवही पुढे केली. नातवाला लिहिण्याची हौस. मी सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. त्याची शाळा इंग्रजी माध्यमाची, दुसरी भाषा तेलुगू. देवनागरी तो हिंदीच्या तासाला जेवढी शिकला तेवढी. 'मु. पो. मुधोळ, जि. निर्मल, तेलंगणा' एवढे लिहावयास त्याला बराच वेळ लागला. व्यवस्थापक तिशीतला तरुण होता. पत्ता वाचून तो कौतुकाने म्हणाला, "काका, तेलंगणाचे असून मराठी एकदम शुद्ध बोलता हो तुम्ही!"

त्याच्या मनात वाईट काही नव्हते. तरी हे कौतुक मला टोचले. आपल्यापैकी ज्यांनी नांदेड, पुणे, मुंबई येथे नातेवाइकांकडे जाऊन ते ऐकले असेल, त्यांस ते कसे टोचते हे सांगावयास नको. आणि माहूरने तरी ते आम्हांस म्हणू नये! हैदराबाद संस्थानात माहूर ज्या किनवट तालुक्यात होते तो तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि आपला मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली. किनवट नांदेडला जोडले जाऊन मुंबई राज्यात गेले, मुधोळ आदिलाबादला जोडले जाऊन आंध्र प्रदेशात आले. एकाच दारातून एक आत गेला, दुसरा बाहेर आला. त्यानंतर २०१४ साली आपण तेलंगणात आलो आणि २०१६ साली निर्मल जिल्ह्यात. माझ्या वडिलांचे घर होते त्याच जागी उभे आहे. त्याच्या पत्त्यावर तीन राज्ये आणि तीन जिल्हे लिहून झाले.

हे सारे मी त्या तरुणास सांगू लागणार, तोच जिन्यावरून एक म्हातारी बाई खाली आल्या. हातात रिकामी बादली. करीमनगरकडची एक मंडळी वरच्या मजल्यावर उतरली होती, त्यांतल्या त्या. व्यवस्थापकाकडे पाहून त्या म्हणाल्या, "वेडि नीळ्ळु कावालि."

तरुण गोंधळला. "वेडी? कोण वेडी, आजी?"

बाईंनी आवाज चढवून तेच पुन्हा सांगितले. तरुण आणखी गोंधळला. नातू तोंड दाबून हसू लागला, आणि पत्नीलाही हसू आवरेना. शेवटी मीच म्हणालो, "अहो, कोणी वेडी नाही. गरम पाणी पाहिजे म्हणतात त्या." तरुण खजील होऊन हसला आणि मागील दारी पेटविलेल्या बंबाकडे धावला. तेवढ्यात नातवाने बाईंशी तेलुगूत गप्पा सुरू केल्या होत्या. त्यांच्या घरी रेणुकेला एल्लम्मा म्हणतात; सुनेला मूल झाले म्हणून नवस फेडावयास त्या आल्या होत्या. तिकडे व्यवस्थापक पाण्याची बादली घेऊन आला आणि जेवणाची वेळ, वर जाणारी गाडी, देवळाचे दार कधी उघडते, अशा चार गोष्टी नातवाकरवी त्यांना विचारू-सांगू लागला. पाच मिनिटांत आठवीतला पोर लॉजचा दुभाषा झाला. मला टोचलेला काटा कधी गळून पडला, ते कळलेच नाही. ज्याला मी आजवर आपले उणेपण समजत आलो, की इकडे आपण तेलंगणाचे आणि तिकडे महाराष्ट्राचे, त्याचा कोणाला तरी बादलीभर उपयोग झाला होता.

माहूर या नावाचीही एक लोकांत सांगितली जाणारी कथा अशीच आहे. परशुराम जमदग्नीचे शव आणि माता रेणुका यांना कावडीत घालून भटकत येथे आला. दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून त्याने येथे पित्याचा अग्निसंस्कार केला. रेणुका सती गेली. पुढे मुलाच्या शोकाने ती भूमीतून प्रकटू लागली. पण परशुरामाने वेळेआधी मागे वळून पाहिले, म्हणून केवळ मुखच वर आले. तेलुगूत 'ऊरु' म्हणजे गाव. आईचे गाव ते 'माऊर', आणि पुढे माहूर. भाषाशास्त्री यावर काय म्हणतील ते म्हणोत. दोन भाषांनी मिळून एका गावाचे नाव ठेवले, ही कल्पना आपल्यासारख्यांना तरी प्रिय वाटावी.

रात्री जेवून आम्ही गावातून फिरलो. शेवटची बस निघून गेली होती. दिवसा ज्या रस्त्यावर नारळ-खणांची आणि मूर्तींची दुकाने ओरडत असतात, तेथे फळ्या लागल्या होत्या. एका ओट्यावर दोन म्हातारे बिडी ओढत कापसाच्या भावाविषयी बोलत होते. घराघरांतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. देवीचे गाव म्हणून मी ज्याला इतकी वर्षे नमस्कार करीत आलो, तेथे माणसे राहतात आणि निजतात, हे मला जणू नव्याने समजले. वर गड काळोखात बुडाला होता. त्या गडानेही किती मुक्काम पाहिले! १६२३ च्या सुमारास बापाविरुद्ध बंड करून निघालेला शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा बादशहा शहाजहान, गोवळकोंड्याकडे जाताना माहूरला थांबला होता. १६६१ साली उंबरखिंडीत मोगली फौजेबरोबर शिवरायांसमोर आलेली रायबागन ही याच माहूरची देशमुखीण. गोंड राजे, बहामनी, इमादशाही, मोगल, निजाम असे एकामागून एक आले, राहिले आणि निघून गेले. गड मात्र आहे तेथे आहे.

खोलीवर आल्यावर मी पिशवीतून गोधडी काढली आणि खाटेवर अंथरली. तेरा-चौदा वर्षांची घडी. कडांवर पिवळी रेघ उमटली होती. नातू तिच्यावर आडवा झाला आणि म्हणाला, "आजोबा, मघाशी वहीत 'मु.' लिहिलं ना, ते काय असतं?"

"मुक्काम," मी म्हणालो.

"म्हणजे हॉटेलात राहतो तसं? मग आपल्या घराला मुक्काम का म्हणतात?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. जन्मभर पत्रांवर, अर्जांवर, मुलांच्या दाखल्यांवर मी 'मु. पो. मुधोळ' लिहीत आलो. आपल्या जुन्या माणसांनी घराच्या पत्त्याला मुक्काम म्हटले, त्यात काही शहाणपण असावे, हे कधी मनात आले नव्हते. आमचे पूर्वज मराठवाड्यातील कोणत्या गावाहून मुधोळास आले, याच्या घरात दोन-तीन आख्यायिका आहेत आणि त्यांचा परस्परांशी मेळ नाही. आले तेही एखाद्या रात्रीपुरतेच उतरले असतील. मग तेथेच चूल मांडली असेल, विहीर खणली असेल आणि शेजाऱ्याची भाषा शिकली असेल. मी नातवास एवढेच म्हणालो, "जिथे आपण रात्री झोपतो, तिथला माणूस होतो. म्हणून." त्याला ते पटले की नाही कोण जाणे, तोवर तो झोपला होता.

मी बराच वेळ जागा होतो. फुटक्या काचेच्या पुठ्ठ्याला वारा लागून तो बारीक वाजत होता. दत्तशिखराच्या दिशेला एकच दिवा दिसत होता. आईला पुढच्या वर्षाचे जे वचन मी दिले होते ते तिच्यापुरते मोडलेच. ते आता कोणत्याही मुक्कामाने भरून येणार नाही. पण तिची गोधडी माहूरला एक रात्र निजली, एवढे झाले.

पहाटे व्यवस्थापकाने दार वाजविले. "काका, वेडि नीळ्ळु!" असे म्हणून त्याने वाफाळती बादली उंबऱ्यात ठेवली आणि स्वतःच मोठ्याने हसला. स्नान करून आम्ही वर गेलो. पहिल्या गाड्या अजून यावयाच्या होत्या. देवळाच्या वाटेवर खलबत्त्यात विडा कुटण्याचा ठोका सुरू झाला होता. पत्नीने ओटी भरली आणि कुटलेल्या तांबुलाचा प्रसाद मिळाला. नातवाने तो तोंडात टाकून प्रथम तोंड वाकडे केले, मग आणखी मागितला.

निघताना नोंदवहीत सही केली. राहण्याच्या रकान्यात व्यवस्थापकाने 'एक रात्र' असे लिहिले होते. नातवाने ते डोके घालून सावकाश वाचले आणि विचारले, "पुढच्या वेळी किती?"

'पुढच्या वर्षी' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी परत गिळले. खिशातून पैसे काढले आणि तरुणास म्हणालो, "आजची रात्रही लिहा. दत्तशिखर राहिलं आहे अजून."