कळसूबाईची ओटी

हरिश्चंद्रगड, रतनगड आणि शेवटी कळसूबाई असा चार दिवसांचा पायी प्रवास आम्ही योजला, तेव्हा आईने माझ्या पाठपिशवीत एक खण आणि नारळ ठेवला. "तेवढी देवीची ओटी भर," एवढेच ती म्हणाली. तीन दिवस त्या नारळाच्या वजनाला मी मनातल्या मनात बोल लावीत होतो!

चौथ्या दिवशी बारी गावातून चढू लागलो. १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर! लोखंडी शिड्यांवर पाय लटपटू लागले. दम खायला टेकलो, तेव्हा ताक विकणाऱ्या बाईंनी कथा सांगितली. कळसू ही कोळ्यांची पोर. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, या अटीवर कामाला राहिली. एके दिवशी धन्याने अट मोडली. ती तडक डोंगरावर निघून गेली, ती कायमचीच.

माथ्यावरच्या चिमुकल्या देवळात ओटी भरली. खाली भंडारदऱ्याचे पाणी चमकत होते. पलीकडे अलंग, मदन, कुलंग उभे होते. मला मात्र दिसत होती आमच्या मोरीतली आई. पन्नास वर्षे भांडी घासणारी, एकही अट न घातलेली.

घरी येऊन प्रसाद हातावर ठेवला. "देवीकडे काय मागितलंस रे?" तिने विचारले.

मी काही न बोलता बाह्या सरसावल्या आणि मोरीत शिरलो.