स्मृती आणि संग्रह

यंत्राचे अवयव ओळखण्याचा प्रसंग आमच्यावर उतारवयात यावा, हाही एक योगच म्हणावयाचा. आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या दक्षिणेस, आमचे घर आहे. घरात मराठी, बाजारात तेलुगू. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. आम्ही इकडेच राहिलो.

आमच्या आत्याबाईंना जात्यावरच्या विठ्ठलाच्या ओव्या मुखोद्गत होत्या. त्यांचे वय नव्वदीस टेकले, तेव्हा त्या उतरून घेण्याचे आम्ही मनावर घेतले. त्या सांगत आणि आम्ही संगणकावर लिहीत असू. एका सायंकाळी बावीस ओव्या झाल्या आणि वीज गेली. पुन्हा आली, तेव्हा समोरचा पडदा कोरा! यंत्रास 'मेमरी' असते, एवढे आम्ही ऐकून होतो. ज्याला स्मृती आहे तो विसरेल कसा, या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो.

नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही पाटीवर लिहिलेत. वही निराळी असते."

त्याने पेटीचे झाकण काढून दाखविले. तळाशी हिरवा फलक, त्यावर तांब्याच्या बारीक वाटा, तो मदरबोर्ड. त्यावर बसलेला प्रोसेसर हा घरातला गणिती. ट्रान्झिस्टर नावाचे सूक्ष्म खटके त्याच्या पोटात असतात. 1947 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर जन्मास आला, तो बोटाने उचलता येण्याजोगा होता. आता एका चिपेवर ते अब्जावधींनी मावतात. खटका मिटला की एक, उघडला की शून्य. असे एक चिन्ह म्हणजे बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. रेझिस्टर विद्युत्प्रवाहाला आवर घालतो, कपॅसिटर विद्युतभार साठवितो.

ज्या मेमरीने आम्हांस दगा दिला, तिच्यात असे चिमुकले कपॅसिटरच असतात. ते गळक्या घागरींसारखे. एका सेकंदात अनेक वेळा पुन्हा भरावे लागतात. वीज थांबली की भरणे थांबते आणि सारे ओसरून जाते. हार्ड डिस्कचे तसे नाही. तिच्या चकतीवर चुंबकीय खुणा उमटतात, त्या विजेवाचूनही टिकतात. 'सेव्ह' करणे म्हणजे पाटीवरचे वहीत उतरविणे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा आत्याबाईंपाशी बसलो. एकोणीस ओव्या आठवल्या. तीन काही केल्या आठवेनात. "गिरणी आली नि जातं बसलं," त्या म्हणाल्या, "तेव्हापासून म्हणणंच होत नाही रे." पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. त्या तीन ओव्या आता कोठेही नाहीत.

नातू तेलुगू शाळेत शिकतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठीचा 'क' आणि तेलुगूचा 'क' एकाच कळीवर येतात, हे त्यानेच आम्हांस दाखविले. उरलेल्या ओव्या तोच लिहून घेतो, आणि प्रत्येक ओवीनंतर सेव्ह करतो.

तरीही एकादशीस देवळात आम्ही त्या मोठ्याने म्हणतो, आणि त्यालाही म्हणावयास लावतो. वहीतले वहीत राहील. पण मुखातले पुनःपुन्हा भरावे लागते.