वैतरणेच्या पाण्यावर तीन तास

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरीशुभ्र बोट, डेकवर आरामखुर्ची, हातात गारेगार ग्लास आणि काठावर निवांत चरणारा एखादा गेंडा! हे आता आपल्या देशातही मिळतं. २०२३ च्या जानेवारीत 'गंगा विलास' वाराणसीहून निघाली आणि ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटर पाणी कापत दिब्रुगढला पोचली. वाटेत सुंदरबन, वाटेत काझीरंगा. सगळं झकास! फक्त भाडं लाखांत आणि सुट्टी तब्बल ५१ दिवसांची. आपला बॉस शनिवारी सुट्टी देताना कुरकुर करतो, त्याचं काय?

तर मंडळी, आपल्या खिशाला आणि आपल्या वीकेण्डला परवडणारी नदी शोधायला फार लांब जायला नको. डहाणू लोकलच्या खिडकीतून ती रोज दिसते. वैतरणा स्टेशन गेलं की गाडीचा आवाज बदलतो, खाली रुंद पाणी पसरतं, दोन्ही काठांना हिरवीगार तिवरं... आणि डब्यातली निम्मी जनता मोबाइलमध्ये!

आपण हीच नदी पितो

नाव ऐकून दचकू नका. यमलोकाच्या वाटेवर जी पार करावी लागते ती वैतरणी. आपली वैतरणा उगवते त्र्यंबकच्या डोंगरांत, गोदावरीच्या शेजारीच. गोदावरी पूर्वेला वळून बंगालच्या उपसागरापर्यंत लांबचा पल्ला मारते. ही पश्चिमेला उतरते आणि जेमतेम दीडशे किलोमीटरमध्ये अर्नाळ्याजवळ समुद्र गाठते. वाटेत तिला पिंजाळ, सूर्या, तानसा येऊन मिळतात.

मुंबईला पाणी देणारे सात तलाव शाळेत घोकले होते, आठवतात? त्यातले अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर हे तिघे याच नदीवर, आणि चौथा तिच्या तानसा या उपनदीवर. तानसा धरण १८९२ चं, मध्य वैतरणा २०१४ चं. म्हणजे सव्वाशे वर्षं मुंबईकराच्या घशाखाली हीच नदी उतरतेय. आपण पिऊन जे उरतं, ते पालघरच्या खाडीत पोचतं.

वडापावच्या पैशांत क्रूझ

या नदीवरची सगळ्यात स्वस्त सफर सुरू झाली एप्रिल २०२५ मध्ये. विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडे सफाळ्याजवळच्या जलसारला, म्हणजे खारवाडेश्रीला, रो-रो बोट जाते. कार, बाइक, माणसं, मासळीच्या पाट्या, सगळं एकाच डेकवर. रस्त्याने हे अंतर साठेक किलोमीटर पडतं. पाण्यातून? दीड किलोमीटर! पंधरा मिनिटांत पैलतीर!

शनिवारी दुपारी मी याच बोटीने पार झाले. शेजारी एक जोडपं बाइकच्या आरशात बघत सेल्फी काढत होतं आणि एक आजी जांभया देत होत्या. त्यांना कसलं कौतुक? त्यांच्यासाठी ही क्रूझ नाही, रस्ता आहे.

तिथीची पाऊणपट

खरी मजा मात्र छोट्या होडीत. केळव्याला मुक्काम ठोकून रविवारी पहाटे सफाळ्याच्या बाजूच्या एका गावात पोचले. होडीवाले काका आधीच ठरवलेले. "ताई, आज एकादशी. सव्वाआठला भरती. साडेसातला निघू, पाणी आपल्याला आत नेईल, येताना तेच बाहेर आणंल."

मोबाइलवर बघितलं का? छे! हिशेब तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करायची. अकराची पाऊणपट सव्वाआठ, झाली भरतीची वेळ. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, तो भांग. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. कॅलेंडर बघून सफर ठरवा म्हणतात, ते असं!

मशीन बंद करून काकांनी होडी एका फाट्यात घातली आणि शहर जणू कुणी म्यूट केलं. दोन्हीकडे तिवरं, चिखलातून भाल्यांसारखी वर आलेली त्यांची श्वसनमुळं. एक खंड्या फांदीवरून सुळकन पाण्यात आणि परत. वर लालसर पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार घिरट्या घालतेय. ओहोटी लागली तसा चिखल उघडा पडला आणि त्यावर निवट्यांची शाळा भरली. निवटी म्हणजे मासाच, पण हा पठ्ठ्या कल्ल्यांच्या कोठीत पाणी साठवून ओल्या त्वचेतूनही श्वास घेतो आणि परांवर टणाटण उड्या मारतो. लांब वाकड्या चोचीचा कुरल त्याच चिखलात चोच खुपसत होता. हा हिवाळी पाहुणा, थेट उत्तरेकडून आलेला. गेंडा नाही दिसला, पण त्याची आठवणही आली नाही!

तिवरं म्हणजे नुसतं बॅकग्राउंड नव्हे. त्यांच्या मुळांत कोळंबी, चिंबोऱ्या आणि माशांची पिल्लं वाढतात. ही नर्सरी तुटली की ताटातली मासळीही आटते.

पुलाखालची गोष्ट

पुढे रेल्वेचे पूल दिसले, ९२ आणि ९३ नंबरचे. या दोन पुलांच्या मध्ये वाढीव नावाचं बेट आहे. धड रस्ता नसल्याने इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं रेल्वेपुलावरून पायी ये-जा केली, शेजारून गाड्या धडधडत असताना. त्यात जीवही गेले. इकडे याच नदीवर बुलेट ट्रेनचा २.३२ किलोमीटरचा पूल उभा राहतोय. आणि खाली बेकायदा रेतीउपसा! सक्शन पंपांनी तळच ओढून नेला, तर काठ आणि पुलाचे खांब दोन्ही धोक्यात.

"इथे टुरिझम येणार म्हणतात," मी म्हटलं. काका हसले. "येऊ दे की. पण बोट कोणाची असंल?"

प्रश्न लाखाचा आहे. उत्तर मात्र वेंगुर्ल्यात सापडतं. तिथे मांडवी खाडीत 'स्वामिनी' या महिला बचतगटाने कांदळवन सफारी चालवून दाखवली. होडी वल्हवणाऱ्याही त्याच, तिवरांची ओळख करून देणाऱ्याही त्याच. खाडी स्वच्छ राहिली तरच धंदा राहणार, मग राखण आपोआप होते. वैतरणेवर हे का होऊ नये?

आणि बोईसर...

खाडी राखली नाही तर काय होतं, ते बघायला दुपारी लोकलने तीन स्टेशनं पुढे गेले. वाटेतलं पालघर सोडलं तर हवं तेव्हा सातपाटीला वळता येतं. याच सातपाटीच्या पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळालाय. पुढचं बोईसर मात्र वेगळंच. १९६९ पासूनचं तारापूरचं अणुवीज केंद्र आणि भली मोठी एमआयडीसी. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातला सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्टा ठरला होता. सांडपाण्यामुळे मासळी मरते म्हणून मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना कोट्यवधींच्या भरपाईचा आदेश दिला. या कारखान्यांमुळे हजारो घरांत चुली पेटतात, हेही खरं. पण नवापूर-दांडीच्या खाडीकाठी जाऊन उभं राहा. सकाळची वैतरणा नाकात ताजी असताना हा वास जास्तच झोंबतो.

संध्याकाळी तारापूरचा किल्ला बाहेरून बघितला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतलेला. खाडीचं तोंड ज्याच्या हातात, त्याच्या हातात मुलूख, हे त्या काळी दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं. आज ते तोंड होडीवाल्यांच्या हातात राहायला हवं. तुम्ही जाल तेव्हा क्रूझ शोधू नका. होडी शोधा आणि पैसे थेट तिच्या मालकाच्या हातात द्या.

वीकेण्ड गाइड

कसं जाल: विरार पश्चिमेहून रिक्षाने मारंबळपाडा, तिथून रो-रो. किंवा डहाणू लोकलने थेट सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर.

कधी जाल: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पक्षीही तेव्हाच. पावसाळ्यात छोट्या होडीचा हट्ट नको.

काय खाल: खाडीचा जिताडा, चिंबोरीचं कालवण. शाकाहारी असाल तर थंडीतली उकडहंडी चुकवू नका.

लक्षात ठेवा: लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय नको. प्लास्टिक परत घरी. आणि निघण्याआधी तिथी बघा, पाऊणपट करायला विसरू नका!