नळीचा सुस्कारा

घरात समुद्र बसवायचे ठरवलेला गृहस्थ प्रथम माशांविषयी विचारतो, मग खर्चाविषयी, आणि फार चौकस असलाच तर वीज गेल्यावर पाणी घरभर होईल काय याविषयी. परंतु टाकी भरून पंप सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या त्याला जो प्रश्न छळू लागतो, तो त्याने करारापूर्वी कधीही विचारलेला नसतो. हा आवाज बंद कसा करायचा? उभी हयात मी काचेच्या टाक्या बसवण्यात घालवली, आणि आज कोणी माझा हुन्नर कोणता असे विचारले, तर मासे जगवणे हे उत्तर मी देणार नाही; मासे पुष्कळजण जगवतात. सहाशे-साडेसहाशे लिटर खारे पाणी अहोरात्र वरखाली फिरत असताना त्याच खोलीत माणसाला दुपारची झोप लागली पाहिजे, एवढ्यासाठी मी माझी अक्कल खर्ची घातली आहे.

टाकीचे वजन, मिठाचे प्रमाण, उडून गेलेल्या पाण्याच्या भरपाईस गोडेच पाणी घालण्याचा दंडक, अमोनिया उतरेपर्यंतची महिना-दीड महिन्याची सक्तीची प्रतीक्षा, यांविषयी इथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. धंद्यातल्या कोणत्याही उमेदवारास ते तोंडपाठ असते. अडते ते कोपऱ्यातल्या उतरत्या नळीशी. ओव्हरफ्लोच्या दातेरी कडेवरून सांडलेले पाणी खालच्या कपाटातल्या संपमध्ये, म्हणजे दुसऱ्या टाकीत, उतरते, उतरताना हवा गिळते, आणि पाणी व हवा एकाच नळीतून जाऊ लागली की त्यांचा तंटा सुरू होतो. डर्सो पद्धतीत नळीच्या माथ्याला बारीकसे भोक पाडून हवेला रीतसर वाट देतात. त्याने भांडण सौम्य होते, मिटत नाही. ते मिटवायचे तर हवेला आत येऊच द्यायचे नाही: मुख्य नळीवर गेट व्हॉल्व्ह बसवून तो इतका आवळायचा, की पाण्याची पातळी नळीच्या तोंडावर चढून राहील, नळी काठोकाठ भरून वाहील, आणि उरलेसुरले पाणी शेजारच्या दुसऱ्या नळीच्या आतल्या अंगाला चिकटून, त्याची धार न होता, खाली घरंगळेल. व्हॉल्व्ह केसभर अधिक आवळला, तर दुसऱ्या नळीत धार कोसळू लागते. केसभर सैल राहिला, तर मुख्य नळीच्या तोंडाशी भोवरा पडतो आणि नळी सुस्कारा टाकते. या दोन केसांमधली जागा हीच माझी सारी विद्या.

आणि तीही स्थावर नव्हे. पंपाच्या पात्यांवर चुना धरतो, नळीत बुळबुळीत थर चढतो, एखादी गोगलगाय नेमकी नळीच्या तोंडाशी मुक्काम ठोकते, आणि मागल्या खेपेस साधलेले मौन बिघडते. नळीचे खालचे टोक संपच्या पाण्यात इंचभरच बुडवावे, त्याहून खोल गेले की वीज परतल्यावर अडकलेली हवा निघता निघत नाही, हे मी ज्यांना ज्यांना शिकवले, त्यांतल्या निम्म्यांनी ते आपलाच शोध म्हणून पुढे खपवले. खपवोत बापडे. राग येतो तो नळीत स्पंज कोंबून आवाज दाबणाऱ्यांचा. स्पंज तुंबला की पाणी कुठे जाणार, याची तजवीज त्यांनी केलेली नसते, आणि जमिनीवर ओल आली की तेच गृहस्थ मला फोन करतात. याच मंडळींपैकी काहीजण गिऱ्हाइकाला ‘अस्सल समुद्रातला’ दगड आणि प्रवाळ आणून देण्याची लालूच दाखवतात. वास्तविक २००१ सालीच आपल्याकडे प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला बसवले गेले. मी सिरॅमिकचा दगड वापरतो आणि पैदास केंद्रात जन्मलेला क्लाउनफिश घेतो, म्हणून माझ्या टाक्या गरीब दिसतात असे म्हणतात. दिसोत.

मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, आणि मुंबईकरांच्या पिढ्यांनी समुद्राचे मासे तिथे काचेआड पाहिले. परंतु पोरांच्या त्या कलकलाटात पंपाची घरघर ऐकायला गेले कोण? सार्वजनिक मत्स्यालयात आवाज हा अपराध नाही. घरात तो आहे, आणि त्याचा एकमेव न्यायाधीश मी, अशी माझी अनेक वर्षांची समजूत होती.

ती समजूत यंदा दादरला मोडली. एका निवृत्त डॉक्टरांच्या दिवाणखान्यात सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी बसवायची होती, आणि एवढ्या मोठ्या खाऱ्या टाकीचे काम पहिल्यानेच मी माझ्याकडे उमेदवारी करणाऱ्या मुलीच्या स्वाधीन केले होते; व्हॉल्व्हचे शेवटचे आवळणे तेवढे रिवाजाप्रमाणे माझ्याकडे. पंखा बंद करवला, डॉक्टरीणबाईंना स्वयंपाकघरातला मिक्सर थांबवायला सांगितले, चाक किंचित फिरवले, पुन्हा किंचित परत घेतले, आणि दस्तुरखुद्द निकाल दिला की झाले. मुलगी कपाटाशी उकिडवी बसली होती. म्हणाली, “काका, ती अजून हवा ओढतेय.”

मी ऐकले. काहीही नव्हते. मेकॅनिक लोक इंजिनाला लावतात तसा स्क्रूड्रायव्हर नळीला टेकवून त्याची मूठ कानाशी धरली, तर खालचा घुमणारा खर्ज स्पष्ट पोचला. पण वरच्या पट्टीतला, जिभेच्या टोकावरून हवा आत घ्यावी तसा जो बारीक सुस्कारा ती सांगत होती, त्याचा मागमूस नव्हता. तिने चाकाला हात घातला, माझी परवानगी न घेता, आणि एक अष्टमांश फेरा दिला. “आता गेली,” ती म्हणाली. डॉक्टरांनी मान डोलावली. म्हणजे त्यांनाही ऐकू येत होते.

वयानुसार कानाचे वरचे स्वर आधी जातात, हे त्याच डॉक्टरांनी चहा घेताना मला मोठ्या सौजन्याने समजावले. मला त्या शास्त्राचे काय? माझ्या मनात एकच हिशेब चालू होता: हे स्वर केव्हापासून गेले, आणि तेव्हापासून किती घरांत मी ‘निःशब्द’ म्हणून पैसे मोजून घेतले. त्याहून खरे सांगायचे तर, त्या घरांतल्या लोकांची झोप मोडली असेल याचे दुःख मला फारसे झाले नाही. एखाद्या प्रतिस्पर्ध्याने तो सुस्कारा ऐकला असेल, या कल्पनेने मात्र अंगावर काटा आला.

हल्ली शेवटचे आवळणे तीच करते. मी सोबत जातो, पंखा बंद करवतो, मिक्सर थांबवतो, आणि तिने मान हलवली की गिऱ्हाइकाकडे वळून झाले म्हणून सांगतो; ते वाक्य मी अद्याप तिला बहाल केलेले नाही. दुकानाच्या पाटीवर तिचे नाव घालावे, असे बायकोने दोनदा सुचवले. पेंटर समोरच्याच गल्लीत राहतो, रोज नमस्कार होतो, पण तो विषय मी त्याच्यापाशी काढलेला नाही.