न मोडणारी

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजार गेले. देशातल्या चलनाच्या किमतीतला 86 टक्के हिस्सा एका भाषणात बाद झाला आणि ते खिंडार बुजवायला दोन हजारांची नोट पुढे आली. माहेर म्हैसूरचा छापखाना. रंग असा गुलाबी की पहिल्यांदा हातात आली तेव्हा लॉटरीचं तिकीटच वाटलं. समोर गांधी, पाठीवर मंगळयान, शेजारी स्वच्छ भारतचा चष्मा. म्हणजे एका महात्म्याचा चष्मा हिच्या अंगावर दोनदा.

अंगकाठी लहान, 166 बाय 66 मिलिमीटर. जुन्या हजाराच्या नोटेहूनही आखूड. एटीएमच्या कप्प्यात ती बसेना, म्हणून देशभरातली दोन लाखांवर यंत्रं उघडून तिच्या मापाची करावी लागली. येण्याआधीच घरातलं फर्निचर हलवायला लावणाऱ्या पाहुण्यांचं पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

चारित्र्याबद्दल पहिल्या आठवड्यापासून बोललं जाऊ लागलं. पुसली तर हिचा रंग जातो, अशी ओरड झाली. त्यावर अर्थखात्याच्या सचिवांनी सांगितलं की रंग जातो तीच खरी, जात नसेल तर खोटी समजा. दुसरी वदंता त्याहून झकास. हिच्या पोटात चिप आहे, जमिनीत 120 मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला कळणार! रिझर्व्ह बँकेने तसं काही नाही म्हणून सांगितलं, पण ऐकतो कोण? ज्यांच्याकडे पुरायला एक नोट नव्हती तेच ही बातमी सर्वांत जास्त रंगवून सांगत.

तिचा खरा स्वभाव कळायचा तो वाण्याच्या दुकानात. आमच्या कोपऱ्यावरचं दुकान, महिन्याची पाच-सहा तारीख. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या मावशी पाव किलो साखर आणि चहाची पुडी घेऊन नोट पुढे करायच्या.

"मावशी, मोड नाही."

"मग मी काय करू शेठ? बाईंनी पगारात हीच दिली."

शेठ नोट उजेडाकडे धरत, तिरकी करून हिरव्याचा निळा होणारा धागा बघत, नखाने कड खरवडत आणि परत देत. मग तोडगा निघायचा. "हजार-बाराशेचा माल घ्या, म्हणजे मोडतो." मावशी पाच लिटर तेलाचा डबा घेऊन घरी जायच्या, जो त्यांना त्या महिन्यात नको होता. जिच्या पदरात ही नोट पडली तिला ती मोडायलाच हवी होती, आणि मोडायची म्हणजे आधी हजार रुपये उधळायचे. श्रीमंतांची ऐट गरिबाने निभवायची ती अशी.

लग्नकार्यातही तिचं जमेना. आहेराचं पाकीट पाचशे एकाचं, एक हजार एकाचं. दोन हजार एक म्हटलं की देणाऱ्याचा हात पाकिटाशीच थांबायचा.

पण एका जागी ती पहिल्या दिवसापासून सुखाने नांदली. एक कोटी रुपये हजारांच्या नोटांत ठेवायचे तर शंभर गड्ड्या होत, हिच्या पन्नास. निम्म्या जागेत तेवढीच इस्टेट. दडवलेला पैसा बाहेर काढायला जुन्या नोटा मोडीत काढल्या आणि दडवायला सर्वांत सोयीची नोट लोकांच्या हाती दिली, याचं उत्तर मला अजून कोणी नीट दिलेलं नाही. रिकामी तिजोरी लवकर भरायची तर मोठी नोट छापावी लागते, हे कारण समजतं. पण पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. हिच्या घराण्याचा इतिहासच तसा आहे. 1938 साली आपल्याकडे दहा हजारांची नोट निघाली, 1946 साली बाद झाली. 1954 साली पुन्हा आणली आणि 1978 च्या जानेवारीत हजार-पाच हजारांच्या भावंडांसह पुन्हा घालवली. दोन्ही वेळा ठपका एकच, साठेबाजी.

मार्च 2018 अखेर हिची चलनातली किंमत 6.73 लाख कोटी रुपये होती. पाठीवर मंगळयान मिरवते म्हणून हिशेब करून पाहिला. त्या मोहिमेचा खर्च साडेचारशे कोटी, म्हणजे तेवढ्यात जवळजवळ पंधराशे यानं मंगळावर गेली असती. 2018-19 नंतर छपाई बंद झाली. हळूहळू ती एटीएममधून गेली, गल्ल्यातून गेली. शेवटची कधी पाहिली, असं कोणी विचारलं की लोक आठवू लागायचे. तरी मार्च 2023 मध्ये तिची 3.62 लाख कोटींची बिऱ्हाडं होती. बाजारात दिसत नव्हती, मग होती कुठे?

त्यातलं एक बिऱ्हाड मला माहीत आहे. आमच्या नात्यातले एक मामा, सरकारी नोकरीतून निवृत्त. कपाटात पोथी, पोथीला तांबडं कापड, कापडाच्या घडीत या नोटा. काळ्या पैशाचा संबंध नाही, सगळी पेन्शनची बचत. पेन्शन दोघांना पुरून उरायची. सुटे खर्च व्हायचे, दोन हजारांची आली की पोथीत जायची. "मोडली की संपली," असं ते म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. मोडलेली नोट संध्याकाळपर्यंत कुठे जाते ते कुणालाच सांगता येत नाही. कशासाठी ठेवताय विचारलं की उत्तर ठरलेलं, "अडीअडचणीला." मधल्या काळात मामींच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पैसे चेकने दिले. गावच्या घराचं छप्पर पावसाळ्यात बसलं, तेव्हा एफडी मोडली. पोथीचं कापड सुटलं नाही. अडचण केवढी मोठी आली म्हणजे ते सुटेल, हे मामांनी कधी ठरवलं नव्हतं.

19 मे 2023 ला रिझर्व्ह बँकेने तिला परत बोलावलं. बाद केली नाही, फक्त आणून द्या म्हटलं, एका वेळी वीस हजारांपर्यंत बदलून मिळेल. आणि इतकी वर्षं न दिसलेली बाई गावभर दिसू लागली. पेट्रोल पंपावर शंभरच्या पेट्रोलला दोन हजार. आंब्याचे दिवस होते, हापूसच्या पेटीला भाव न करता दोन हजार. सुट्टे नाहीत म्हणून पाट्या लागल्या. ज्यांनी पाच-सहा वर्षं एकही मोडली नव्हती त्यांना आता मोड हवी होती, आणि वाण्याचा शेठ त्यांनाही तेच सांगत होता जे मावशींना सांगत आला.

पुढे 98 टक्क्यांहून जास्त नोटा परत गेल्या. उरलेल्यांत कोणाच्या संग्रहातल्या असतील, कोणाच्या विसरलेल्या, आणि काही अशाही की कुठून आल्या ते सांगायला तोंड नाही.

मामांबरोबर मीच बँकेत गेलो होतो. रांग लांब होती, प्रत्येकाच्या हातात मोजून दहा नोटा. मामा चार दिवसांनी परत आले, मग पुन्हा. खात्यात भरा, व्याज तरी मिळेल, असं काउंटरवरच्या मुलीने सुचवलं. त्यांनी मान हलवली आणि रोख मागितली. शेवटच्या दिवशी घरी येऊन त्यांनी पोथी काढली, नव्या नोटा कापडाच्या घडीत बसवून पाहिल्या, गाठ बसेना. वैतागून मामींना म्हणाले, "पाचशेच्या दिल्या सगळ्या. जागा चौपट लागते."