आवाज येतोय का?

भाषेचा अभ्यास करणाऱ्या माणसाला घरात आलेली नवी वस्तू आधी शब्द म्हणून भेटते, वस्तू म्हणून नंतर. मोडेमच्या बाबतीत माझे तसेच झाले. ‘मॉड्युलेटर’ आणि ‘डीमॉड्युलेटर’ या दोन इंग्रजी शब्दांच्या आरंभीचे तुकडे जोडून हा शब्द घडला आहे. संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोनच चिन्हांची. टेलिफोनची तार मात्र माणसाच्या आवाजासाठी ओढलेली; तिला चढउतार कळतात, अंक कळत नाहीत. एका बाजूला अंकांचे आवाज करायचे आणि दुसऱ्या बाजूला त्याच आवाजांचे पुन्हा अंक करायचे, हे काम मोडेम करतो. म्हणजे तो दुभाषी आहे. बाजारात दोन परभाषिक व्यापाऱ्यांच्या मध्ये उभा राहणारा दुभाषी जसा स्वतःचे काहीच बोलत नाही, तसाच हाही.

घरात आल्यावर या शब्दाला लिंग मिळाले. मी ‘तो मोडेम’ म्हणतो, माझी मुलगी ‘ते मोडेम’ म्हणते आणि दोघांनाही एकमेकांचे बोलणे चुकीचे वाटत नाही. ‘राउटर’ मात्र सर्वांच्या तोंडी पुल्लिंगीच राहिला, ‘रेंज’ आणि ‘केबल’ स्त्रीलिंगी झाल्या आणि ‘नेट’ निःसंशय नपुंसकलिंगी ठरले. याहून मौजेची गोष्ट क्रियापदांची आहे. नळाला पाणी येते, वीज जाते, गाडी येते. त्याच रांगेत मराठीने नेटलाही बसवले. ‘नेट आलं’, ‘नेट गेलं’ असे आपण म्हणतो. ज्या गोष्टींवर आपली सत्ता चालत नाही, त्या आपल्या भाषेत स्वतःच्या पायांनी येतात आणि जातात. पैसे आपण भरतो, पण येणेजाणे त्यांच्या मर्जीवर!

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. वाईसारख्या तालुक्याच्या गावी, माझ्या घरी, ती पोहोचायला आणखी काही वर्षे लागली. त्या काळचा मोडेम बोलका होता. क्रमांक फिरवल्याचे सूर, पलीकडून येणारी एक लांब शिट्टी, मग दोन्ही बाजूंनी खरखर, घरघर आणि शेवटी शांतता. घरातील लोक त्या आवाजाला कंटाळत. मला मात्र त्यात दोन अपरिचितांचा संवाद ऐकू येई. तू कोणत्या वेगाने बोलू शकतोस? ही तार किती स्वच्छ आहे? त्या वेगाने जमत नसेल, तर थोडे हळू बोलू या का? हे सारे ठरल्यावरच खरा मजकूर सुरू होई. आणि हा सगळा वेळ घरचा फोन अडलेला असे. तारेवर एका वेळी एकच बोलणे मावे; माणसाचे किंवा यंत्राचे.

ब्रॉडबँडने प्रथम ही अडचण दूर केली. टेलिफोनवरून माणसाच्या आवाजातील साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. बोलणे समजायला तो पुरतो, पण ‘स’, ‘श’ यांसारख्या घर्षक ध्वनींची बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते. म्हणूनच फोनवर नाव सांगताना आपल्याला ‘स समईतला’, ‘श शहामृगातला’ असे म्हणावे लागते. त्या अरुंद पट्ट्याच्या वर तांब्याच्या तारेत पुष्कळ जागा रिकामी होती. तिथे नव्या मोडेमने आपला संसार मांडला. खालच्या मजल्यावर माणसांचे बोलणे आणि वरच्या मजल्यांवर यंत्रांचे. मध्ये दोन्ही वेगळे ठेवणारी स्प्लिटर नावाची एक छोटी डबी. ‘ब्रॉडबँड’ या शब्दातील रुंदी ती हीच.

रुंद कशाला म्हणावे, हे मात्र काळानुसार बदलत गेले. शासनाच्या २००४ च्या धोरणात सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग देणारी जोडणी ब्रॉडबँड मानली गेली. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. शब्द तोच राहिला आणि अर्थ सरकत गेला. अर्थविस्तार आणि अर्थसंकोच यांची उदाहरणे आपण जुन्या शब्दांतून देतो. इथे तर राजपत्रात अर्थ बदलतो आणि तारीखही सापडते.

अभ्यासकांनी या यंत्राकडे पाहावे, असे मला आणखी एका कारणासाठी वाटते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. प्रत्येक मार्गात गोंगाट असतो आणि त्यातून संदेश शाबूत पोहोचवायचा, तर त्यात थोडी ‘अतिरिक्तता’ घालावी लागते, हे त्यातील एक महत्त्वाचे सूत्र. मोडेम मूळ मजकुराबरोबर काही जास्तीचे अंक पाठवतो. वाटेत काही बिघडले, तर त्यांवरून चूक ओळखता येते, कधी दुरुस्तही करता येते. आपली भाषा हे फार पूर्वीपासून करीत आली आहे. ‘त्या दोन मोठ्या मुली शाळेत गेल्या’ हे वाक्य पाहा. अनेकवचन त्यात पाच ठिकाणी आहे. मधला ‘मुली’ हा शब्द खरखरीत बुडाला, तरी ‘त्या’ आणि ‘गेल्या’ यांवरून जाणाऱ्या व्यक्ती स्त्रिया आहेत आणि एकीहून अधिक आहेत, हे कळतेच. व्याकरण शिकताना लिंगवचनाची ही सुसंगती आपल्याला जाचक वाटते. गोंगाटातून बोलण्याची वेळ आली की तिचा उपयोग समजतो.

तशी वेळ जुलै २०२१ मध्ये आली. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात त्या महिन्यात अतिवृष्टी झाली, दरडी कोसळल्या, रस्ते खचले. एव्हाना माझ्या घरी तांब्याच्या तारेऐवजी काचेचा तंतू आला होता. बोलका मोडेम जाऊन चार दिव्यांचा मुका डबा आला होता. त्या डब्यावरचा एक दिवा एका रात्री लाल झाला आणि आठ दिवस लालच राहिला. मी तक्रार नोंदवली. ‘आपली तक्रार नोंदविण्यात आली आहे’ असा संदेश आला. दुसऱ्या दिवशी ‘आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे’ असा संदेश आला. दिवा लालच होता. पुन्हा तक्रार, पुन्हा नोंद, पुन्हा निवारण. असे तीनदा झाले. त्या वाक्यांत कुठेही कर्ता नव्हता. कोणी नोंदवली, कोण येणार, कोणी निवारण केले, हे विचारायला वाक्यात जागाच ठेवलेली नव्हती. कर्मणी प्रयोगाचा हा उपयोग कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात नाही, पण प्रत्येक नागरिकाला तो पाठ आहे.

एरवी मी वाट पाहिली असती. पण त्या आठवड्यात आमच्या अभ्यासकेंद्राच्या एका विद्यार्थिनीची प्रकल्पावरील तोंडी परीक्षा होती. साथीमुळे सर्व संमंत्रण सत्रे आणि परीक्षा दुरूनच होत होत्या. ती जावळी तालुक्यातील एका वाडीवर राहते. लग्नानंतर चौदा वर्षांनी तिने पुन्हा पुस्तक हाती घेतले होते. आपल्या भागातील भातशेतीची शब्दसंपदा तिने सासूबाईंकडून आणि शेजारणींकडून गोळा केली होती. दोनशेहून अधिक शब्द, प्रत्येकापुढे अर्थ आणि वापराचे वाक्य. गुण कळवण्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. ती हुकली, तर तिचे वर्ष जाणार होते. आणि घरची परिस्थिती पाहता गेलेले वर्ष परत मिळेल, याची कोणालाच खात्री नव्हती.

तिच्याकडे मोबाइलची रेंज होती, तीही वाडीवरच्या देवळाच्या पायरीवर. माझ्याकडे नेट नव्हते. बहिःस्थ परीक्षकांशी बोलून आणि केंद्राची संमती घेऊन आम्ही तिघे साध्या फोनवर एकत्र आलो. चेहरे नव्हते, पडद्यावरचा मजकूर नव्हता. होता तो ३०० ते ३४०० हर्ट्झचा जुना अरुंद पट्टा आणि त्यात मिसळलेला पाऊस.

“आवाज येतोय का सर?” तिने पहिल्यांदा विचारले. पुढच्या चाळीस मिनिटांत हे वाक्य आम्हा तिघांच्या तोंडून कितीतरी वेळा आले. रोमन याकबसन यांनी १९६० मध्ये भाषेची सहा कार्ये सांगितली. त्यांतील एक कार्य केवळ संपर्क उघडा ठेवण्याचे आहे. ‘हॅलो’, ‘बरं’, ‘हं’ ही त्याची नेहमीची उदाहरणे. वर्गात मी ते कार्य दोन मिनिटांत उरकत असे, कारण त्यात माहिती नसते. त्या दिवशी मात्र सारी परीक्षा त्याच्यावर उभी होती.

तिने राब भाजण्यापासून सुरुवात केली. मग चिखलणी, मग लावणी. मध्येच परीक्षकांनी विचारले, “परवा काय झालं?” ती हसली असावी. “परवा नाही सर, तरवा. त तांब्यातला. लावायची रोपं.” आणि मग न विचारताच तिने सांगितले, “सर, शब्द नीट ऐकू नाही आला तरी वाक्यावरून कळतं. शेतात पावसात आम्ही असंच बोलतो. बांधावरून अर्धंच ऐकू येतं.” शॅनन यांचे नाव तिने ऐकलेले नव्हते. तिने सिद्धांत ऐकवला नाही, अनुभव सांगितला. परीक्षकांनी त्यावरच पुढचे तीन प्रश्न विचारले. फोन दोनदा तुटला आणि दोन्ही वेळा तीच पुन्हा आली. सायंकाळी तिचे गुण मी फोनवरून केंद्राला वाचून दाखवले. आकडा अंकात आणि मग अक्षरांतही, म्हणजे ऐकण्यात घोटाळा नको. ती उत्तीर्ण झाली.

नवव्या दिवशी तंत्रज्ञ आला. पंचविशीतला मुलगा, पाठीवर पिशवी, गुडघ्यापर्यंत चिखल. “सर, लॉस आलाय,” तो डब्याकडे पाहून म्हणाला. लाल दिव्यापाशी तीन इंग्रजी आद्याक्षरे होती. त्यांचा मूळ अर्थ ‘संदेश हरवला’ असा. त्याने ती सलग वाचून त्यांचे ‘लॉस’ केले होते आणि लॉस म्हणजे तोटा, हाही अर्थ तिथे चपखल बसत होता. लोकव्युत्पत्ती अशी घडते. मग त्याने सांगितले, की तंतूतून प्रकाश जातो. तंतू फार वाकला, की प्रकाश वाकणातून बाहेर सांडतो, आणि झाड पडून तो तुटला, तर दोन्ही टोके साफ करून उष्णतेने एकजीव करावी लागतात. केसाएवढी ती काच त्याने गळक्या छत्रीखाली जोडली. जाताना म्हणाला, “मी चार वाजता पुन्हा बघून जातो.” आठ दिवसांत ऐकलेले, कर्ता असलेले ते पहिले वाक्य. चार वाजता तो खरोखर आला.

नंतर त्या विद्यार्थिनीने विचारले, “सर, तुमचं नेट आलं का?” आले होते. तिच्या वाडीवर ते अजून पोहोचलेले नाही. तिच्यासाठी ब्रॉडबँडची व्याख्या दोनदा बदलूनही काही बदललेले नाही. हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण अशाच एखाद्या पायरीवरून, एस.टी.च्या थांब्यावरून, पाळी संपवून घरी जाताना सत्राला हजर राहत असतील. म्हणून आता प्रत्येक दूरस्थ सत्राची पहिली पाच मिनिटे मी शिकवत नाही. कोण कुठून बोलत आहे, कोणाला चित्र दिसते, कोणाला केवळ आवाज येतो, हे एकेकाला विचारतो आणि वहीत लिहितो. ज्यांना केवळ आवाज येतो, त्यांच्यासाठी फळ्यावरचे प्रत्येक उदाहरण मोठ्याने वाचतो. मध्येच कोणी “आवाज येतोय का?” असे विचारले, तर थांबतो, उत्तर देतो आणि मगच पुढचे वाक्य उच्चारतो.